पापांगीकाराची प्रार्थना आणि संदेशाच्या वेळचा पडदा: तुमच्या मंडळीत तयारी कशी होते?

पेनवही (धागाकर्ती)

प्रभू येशूच्या नावाने सर्वांना सलाम.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, मिशनच्या काळात उभी राहिलेली. यंदा पाळकबाईंनी उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, उपासनांसाठी एक छोटी समिती केली आणि त्यातली दोन कामं माझ्याकडे आली. दर रविवारची पापांगीकाराची प्रार्थना लिहायची, आणि संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, वेळी पडद्यावर काय दाखवायचं ते ठरवायचं. दोन्ही कामांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी प्रार्थनेबद्दल. इंग्रजीत तयार प्रार्थना हव्या तितक्या मिळतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचंच भाषांतर वाचलं जातं. त्यांत गरजेपेक्षा जास्त केलेली खरेदी, फेकून दिलेलं अन्न, भरलेली कपाटं यांबद्दल क्षमा मागितलेली असते. आमच्या बाकांवर ऊसतोडीवरून परतणारी कुटुंबं बसतात, अंगणवाडी सेविका बसतात, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आणि दवाखान्यातल्या नर्स बसतात. त्यांच्या तोंडी हे शब्द घातले की ते दुसऱ्याच कोणाचं पाप कबूल करतात आणि स्वतःचं तसंच घरी घेऊन जातात. दुसरीकडे आपलं नेहमीचं "विचाराने, शब्दाने आणि कृतीने" आहे. मला ते मनापासून आवडतं, पण ते इतकं पाठ झालं आहे की उच्चारताना काही टोचत नाही.

मला वाटतं, पापांगीकार त्या मंडळीच्या आयुष्यातून लिहिला पाहिजे. पहिल्या रविवारचा मसुदा देते. प्रत्येक कडव्यानंतर मंडळीने "प्रभू, आम्हांवर दया कर" म्हणायचं आहे.

*हे दयाळू पित्या,*
*घरकामाला येणाऱ्या बाईचा कप आम्ही वेगळा ठेवला,*
*आणि तुझ्या मेजाशी एका भाकरीचे वाटेकरी झालो.*

*मुलांसाठी स्थळं पाहताना "आपल्यातलंच हवं" म्हणालो,*
*आणि रविवारी आम्ही सगळे ख्रिस्तात एक आहोत असं गायलो.*

*बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली,*
*तिला काय हवं ते विचारलं नाही.*

*शेजारच्या घरातला मार आम्हांला ऐकू आला,*
*आम्ही टीव्हीचा आवाज वाढवला.*

*म्हाताऱ्या आईची औषधं भावाभावांत वाटून घेतली,*
*तिच्याजवळ बसायची पाळी कोणी घेतली नाही.*

आता पडदा. तरुण संघाला प्रार्थनेमागे सूर्यास्त किंवा समुद्राच्या लाटांचा हलता व्हिडिओ हवा आहे. माझ्या मते पापांगीकाराच्या वेळी पडद्यावर शब्दांखेरीज काही नसावं, आणि मूक प्रार्थनेच्या वेळी तर शब्दही नसावेत. संदेशासाठी चित्र जरूर असावं, पण एकच. तुमचं काय मत आहे?

---

जुनीमंडळी

ताई, मसुदा वाचून अंगावर काटा आला. म्हणूनच काळजीने लिहितो. मी बरीच वर्षं मंडळीचा वडील म्हणून सेवा केली आहे.

हक्कसोडपत्राचं कडवं पाहा. लहान मंडळीत कोणाच्या घरात जमिनीची वाटणी चालू आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्या आठवड्यात हे कडवं वाचलं गेलं तर सगळ्या नजरा एका बाकाकडे वळतील. मग पापांगीकार राहणार नाही, तो चारचौघांत केलेला न्याय होईल. मत्तय १८ मध्ये प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी दोघांनी एकांतात बोलायचं, मंडळीपुढे न्यायचं ते शेवटी. आपण लिहिताना तो क्रम उलटा करता कामा नये.

आमच्याकडे यावर एक उपाय आहे. प्रार्थना आधी दोन वडिलांना आणि महिला मंडळातल्या एका भगिनीला दाखवायची. एखादी ओळ एकाच घराकडे बोट दाखवते असं त्यांतल्या कोणालाही वाटलं तर ती ओळ त्या महिन्यात नाही. पुढे वातावरण निवळल्यावर येऊ शकते.

एक जुनी गोष्टही सांगतो. आपल्याकडे लिहिलेल्या प्रार्थनेबद्दल जो संकोच आहे त्याला कारण आहे. १८१३ साली मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं. तिथे पाळकाने आत्म्याच्या प्रेरणेने उत्स्फूर्त प्रार्थना करायची रीत होती. अँग्लिकन मंडळ्यांत मात्र छापील क्रम. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि या दोन्ही रीतींची माणसं एका छताखाली आली. आजही आमच्याकडे एक काका छापील कागद हातात घेत नाहीत, डोळे मिटून उभे राहतात. त्यांना मी कधी कागद घ्यायला लावला नाही, लावणारही नाही.

---

वसईकर

मी कॅथलिक, त्यामुळे आमची चौकट थोडी वेगळी. ख्रिस्तयागाच्या सुरुवातीलाच सामूहिक पश्चात्ताप येतो, आणि वैयक्तिक पापांसाठी प्रायश्चित्त संस्कार वेगळा असतो, खासगी खोलीत, फक्त धर्मगुरूपुढे. तिथे सांगितलेलं धर्मगुरू कोणाला, कधीही सांगू शकत नाहीत. पेनवहीताईंच्या मसुद्यातली काही कडवी मला त्या खोलीतली वाटतात. सगळ्यांनी मोठ्याने म्हणायची वाटत नाहीत.

तरी ताईंच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७० मध्ये जो नवा प्रार्थनाग्रंथ आला, त्यात विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला "जे करायला हवं होतं ते केलं नाही" हेही पाप घातलं गेलं. ताईंची सगळी कडवी पाहा. टीव्हीचा आवाज वाढवणं, आईजवळ न बसणं. बहुतेक पापं न केलेल्या गोष्टींचीच आहेत. आपण मराठी माणसं केलेल्या पापाला घाबरतो, न केलेल्याचा हिशेब ठेवत नाही. हा भाग तुमच्याकडे ठळक राहू द्या.

---

जुनीमंडळी

वसईकर, बरोबर. प्रोटेस्टंट बाजूलाही ते फार जुनं आहे. १५५२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात सकाळच्या उपासनेच्या आरंभी सामूहिक पापांगीकार घातला गेला. १५४९ च्या पहिल्या आवृत्तीत तो त्या जागी नव्हता. त्यातही करायचं ते न केल्याची कबुली आधी येते आणि नको ते केल्याची नंतर.

---

सायंकाळ

मी महिला मंडळात काम करते. माझा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहिते.

"शेजारच्या घरातला मार आम्हांला ऐकू आला" हे कडवं सगळी मंडळी म्हणणार. जिला मार बसतो तीही तिथेच बसलेली असेल. तिने काय म्हणायचं? तिच्या तोंडी "आम्ही टीव्हीचा आवाज वाढवला" घालणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. क्षमा करण्याबद्दलच्या प्रार्थनांत तर हे हमखास होतं. "आमचे अपराधी यांची आम्ही क्षमा केली नाही" असं सरसकट लिहिलं जातं आणि सोसणारीलाच वाटतं की चुकलं आपलंच. मग ती पुन्हा त्याच घरात परत जाते. हे मी पाहिलं आहे.

जातीचंही तसंच आहे. नगर-जालना भागातल्या आपल्या कितीतरी मंडळ्या महार आणि मांग समाजातून आलेल्या आहेत. कप कोणाचा वेगळा ठेवला गेला हे त्या बाकांवरच्या माणसांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. त्यांना उभं करून "आम्ही दुबळ्यांना तुच्छ लेखलं" म्हणायला लावायचं का? काहींना म्हणावं लागेल, कारण आपल्या आतही वरखाली आहेच, लग्नं जुळवताना ते दिसतं. पण सगळ्यांना सारखंच नाही.

स्तोत्रसंहितेत नुसतं पश्चात्तापाचं ५१ वं स्तोत्र नाही. १० वं आहे, १३ वं आहे, "किती वेळ" असं देवालाच विचारणारं. पापांगीकाराच्या शेजारी विलापालाही जागा द्या. त्याच प्रार्थनेत एक कडवं असं असावं, की जिच्याकडे कबूल करायला काही नाही पण सांगायला खूप आहे, तिलाही देवापुढे उभं राहता यावं.

---

पेनवही

सायंकाळताई, तुमची प्रतिक्रिया मी समितीत मोठ्याने वाचून दाखवली. पाळकबाई म्हणाल्या, हे कडवं आधी घाला आणि बाकीचं नंतर.

जुनीमंडळी काका, दोन वडील आणि एक भगिनी ही पद्धत आम्ही घेतो आहोत.

वसईकर दादा, एक मात्र मला पटत नाही. सगळंच खासगी खोलीत ठेवलं तर जी पापं आपण सगळे मिळून करतो ती कोणाचीच राहत नाहीत. वेगळा कप एका घरात असतो, पण त्याला मान्यता सगळी वस्ती देते. नहेम्या ९ मध्ये लोक उभे राहतात आणि स्वतःच्या पापांबरोबर वाडवडिलांचे अन्यायही बोलून दाखवतात. दानिएल ९ व्या अध्यायात "आम्ही" म्हणतो, आणि त्यातली निम्मी पापं त्याने स्वतः केलेली नाहीत. तो "आम्ही" मला हवा आहे.

---

वसईकर

ताई, नहेम्याचं उदाहरण मान्य. पण तिथे आदल्या अध्यायात सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्राचं वाचन झालेलं आहे आणि लोक रडलेले आहेत. आपण मात्र सुरुवातीच्या गीतानंतर लगेच कबुली मागतो. तुम्ही वचन आधी ऐकवून पापांगीकार संदेशानंतर घेऊन पाहा. उपवासकाळात तरी.

---

पडदा_सांभाळणारा

पडद्याबद्दल मी लिहितो, आमच्या चर्चचा प्रोजेक्टर माझ्याकडे असतो.

सर्वांत आधी फाँट. चर्चच्या जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला की ऐन उपासनेत पडद्यावर निरर्थक अक्षरं येतात. "मुक्त" हा मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या गटाने केलेला फाँट मोफत मिळतो, नोटो सान्स देवनागरीही मोफत आहे. मजकुराची भाषा मराठी निवडली की मुक्तमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. वडीलधाऱ्यांना ते वाचायला सोपं जातं.

ओळींमध्ये जागा सोडा. इंग्रजीसाठी ठरलेलं अंतर आपल्याला पुरत नाही, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. एका वेळी चार ओळी, फार तर पाच. ओळ तोडताना अर्थाला धरून तोडा, म्हणजे मंडळी जिथे श्वास घेते तिथे. कॉम्प्युटरवर सोडलं तर तो "तुझ्या" एका ओळीत आणि "कृपेने" पुढच्या ओळीत टाकतो, आणि दोनशे माणसं चुकीच्या जागी थांबतात.

रंग चर्च पाहून ठरवा. दगडी चर्च, उंच खिडक्या, सकाळची उपासना, पूर्वेचं ऊन थेट भिंतीवर, अशा ठिकाणी काळ्या पार्श्वभूमीवरचं पांढरं अक्षर दिसतच नाही. फिकट पार्श्वभूमीवर जाड काळं अक्षर ठेवा. संध्याकाळच्या उपासनेला उलट करा.

हलत्या व्हिडिओबद्दल ताईंशी पूर्ण सहमत. लाटा हलत असल्या की डोळा लाटांकडेच जातो, कोणीही कितीही भाविक असो. मूक प्रार्थनेसाठी कॉम्प्युटरवर बी ही कळ दाबा. पॉवरपॉइंट असो की लिबरऑफिस, पडदा काळा होतो. पुन्हा दाबली की परत येतो. गीतांसाठी ओपनएलपी हा प्रोग्राम वापरा, मोफत आहे आणि मराठी नीट दाखवतो.

आणि वीस-पंचवीस छापील प्रती हव्यातच, वीज जाते तेव्हासाठी. गीत दाखवताना "उपासना संगीत"मधला क्रमांकही कोपऱ्यात द्या. पुष्कळ जण अजून पुस्तक उघडूनच गातात आणि त्यांनी तसंच गावं.

---

मागचाबाक

पाळकांना माझी एकच विनंती. संदेशाचे मुद्दे पडद्यावर टाकू नका. मुद्दा दिसला की लोक तो उतरवून घेतात आणि ऐकणं थांबवतात. वचन मात्र पूर्ण दाखवा, आणि पुलपिटवर जी आवृत्ती वाचली जाते तीच पडद्यावर असू द्या. वाचणारा एक शब्द म्हणतो आणि समोर दुसराच दिसतो, तेव्हा मन भरकटतं.

---

पेनवही

चित्राबद्दलही सुचवा. उपवासकाळातल्या एका रविवारी लूक १५, उधळ्या पुत्राचा दाखला आहे. मी रेम्ब्रांटचं चित्र घ्यायचं म्हणते. म्हातारा बाप, गुडघ्यांवर आलेला मुलगा, त्याची झिजलेली पादत्राणं. पूर्ण चित्र दाखवण्याऐवजी आधी फक्त बापाचे हात आणि संदेशाच्या शेवटी बाजूला उभा असलेला थोरला भाऊ, धाकट्याला बापाने जवळ केलं म्हणून रुसलेला. थोरला भाऊ दिसला की पापांगीकार घ्यायचा, कारण आमच्या मंडळीत बहुतेक जण थोरले भाऊच आहेत. वसईकर दादांची संदेशानंतरची सूचना इथे बरोबर बसते.

---

सायंकाळ

छान आहे. पण दर वेळी युरोपातलं चित्र नको. चित्रकार अँजेलो द फोन्सेका पाहा. मूळचे गोव्याचे, १९०२ चा जन्म, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी मरिया साडीत रंगवली, आपल्या वर्णाची, आपल्या चेहऱ्याची. संडे स्कूलच्या मुलींनी ते एकदा तरी पाहावं असं मला फार वाटतं.

आणि कृपा करून गरिबांचे, उपाशी मुलांचे फोटो पापांगीकारामागे लावू नका. त्या मुलाला कोणी विचारलेलं नसतं. कोणाचं तरी दुःख आपल्याला रडू यावं म्हणून वापरायचं, हेही कबूल करण्यासारखं पाप आहे.

---

पडदा_सांभाळणारा

हक्कांचं बघा. रेम्ब्रांट १६६९ मध्ये वारला, त्याच्या चित्राला अडचण नाही. फोन्सेका १९६७ मध्ये वारले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात, म्हणजे २०२७ च्या डिसेंबरअखेरपर्यंत त्यांची चित्रं परवानगीशिवाय वापरायची नाहीत. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे, त्यांना पत्र लिहून विचारा. धार्मिक विधीत गीत गाण्यासाठी, वाजवण्यासाठी कायद्यात सूट आहे, पण ती चित्रं छापून वाटायला किंवा यूट्यूबवर टाकायला लागू होईल असं धरून चालू नका. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या रचनांना प्रश्न नाही, ते १९१९ मध्ये गेले.

---

मस्कत_मराठी

आमची मंडळी आखातात, शुक्रवारी जमते, हॉल तासावर मिळतो. मुलं मराठी बोलतात पण देवनागरी अडखळत वाचतात. त्यांच्यासाठी लांब प्रार्थना पडद्यावर टाकून उपयोग होत नाही. आम्ही पुढाऱ्याने कडवं म्हणायचं आणि सगळ्यांनी फक्त एक ओळ म्हणायची असं ठेवलं आहे. ती ओळ मुलांना पहिल्याच शुक्रवारी पाठ होते. पेनवहीताईंचा मसुदा तसाच आहे म्हणून मला लगेच वापरता येईल. परवानगी आहे ना?

---

पेटीवाली

मस्कत_मराठी, हे आपल्याकडे नवीन नाही. टिळकांनी कीर्तन आणि भजन उपासनेत आणलं तेव्हा न वाचता येणाऱ्यांनाही ध्रुवपद धरता येत होतं. त्या काळच्या कितीतरी बायकांनी गीतं अशीच पाठ केली.

"प्रभू, आम्हांवर दया कर" ही ओळ गाऊन घ्या. चाल दोन-तीन सुरांचीच असावी, वर जाणारी नको. पेटीवर फक्त सूर धरायचा. तबला, ढोलकी, कीबोर्ड काही नाही. मूक प्रार्थनेत तर सूरही सोडायचा. आमच्याकडचे वादक शांतता झाली की घाबरून हळूच काहीतरी वाजवायला लागतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की एक मिनिट हात मांडीवर. पुढाऱ्याने घड्याळ बघावं, कारण नवख्या माणसाला दहा सेकंदही फार वाटतात.

---

जुनीमंडळी

एक फार महत्त्वाचं राहिलं. कबुलीनंतर क्षमेची घोषणा. घाईत ती गळते आणि लगेच दानार्पणाचं गीत सुरू होतं. माणसाला उभं करून पापं म्हणायला लावली आणि क्षमा ऐकवलीच नाही, तर तो ओझं घेऊन घरी गेला. पापं कबूल केली तर देव क्षमा करतो असं सांगणारं १ योहान १:९ वाचा, नाहीतर स्तोत्र १०३ मधलं, पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर तितकी आपली पापं देवाने दूर केली, हे वचन. पाळकांनी ते कागदात बघून वाचू नये, मंडळीकडे बघून म्हणावं. आणि त्या वेळी पडद्यावर ते वचन जितकं मोठं दाखवता येईल तितकं मोठं दाखवा.

---

पेनवही

मस्कत_मराठी, जरूर वापरा, तुमच्या मंडळीप्रमाणे बदला. काका, क्षमेचं वचन पाळकबाई पाठ करत आहेत.

बदललेला मसुदा देते. हक्कसोडपत्राचं कडवं या महिन्यात घेतलेलं नाही. पुढाऱ्याने म्हणायचं ते पहिलं कडवं सायंकाळताईंमुळे आलं आहे. त्यानंतर मंडळीची ओळ येत नाही, फक्त थांबायचं आहे.

*हे प्रभू, ज्यांच्यावर अन्याय झाला*
*आणि ज्यांनी तो अजून कोणाला सांगितला नाही,*
*ते आज आमच्यात बसले आहेत. तू त्यांना ओळखतोस.*
*त्यांच्याकडून आम्ही कबुली मागत नाही. तू त्यांचं ऐक.*

*आणि आम्ही, ज्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं,*
*ज्यांनी कप वेगळा ठेवला आणि त्याला स्वच्छता म्हटलं,*
*ज्यांनी स्थळ नाकारताना जातीचं नाव न घेता जातच पाहिली,*
*आम्ही तुझ्यापुढे उभे आहोत.*
*प्रभू, आम्हांवर दया कर.*

*आईच्या औषधांचे पैसे दिले आणि वेळ दिला नाही,*
*दुकानदाराची उधारी ठेवून नवा मोबाइल घेतला,*
*बोलायचं त्याच्याशी बोललो नाही आणि सगळ्या गल्लीशी बोललो.*
*प्रभू, आम्हांवर दया कर.*

उधारीचं कडवं तरुण संघातल्या मुलांनी सुचवलं. व्हिडिओचा हट्ट त्यांनीच सोडला आणि आता पडदा काळा करायची जबाबदारी त्यांच्यातल्या एकाने घेतली आहे.

---

सायंकाळ

"त्यांच्याकडून आम्ही कबुली मागत नाही" ही ओळ कोणी काढायला सांगितली तरी काढू नका. "स्वच्छता म्हटलं" हेही ठेवा.

---

पेनवही

नाही काढणार. शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये सराव आहे, वादक आणि पडद्यावरची मुलं दोन्ही येणार आहेत. ज्यांना मोठ्या अक्षरातली फाइल हवी त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, युनिकोडमध्येच आहे.